पात्याच्या पोटात

१

रविवारी दुपारी चार वाजता क्रेनवाला हॉलमध्ये आला, तेव्हा पात्याच्या बुडख्याशी त्याला बुटांची एक जोडी दिसली. बूट शेजारीशेजारी नीट ठेवलेले, मोजे आत खोचलेले.

हॉल म्हणजे पवनचक्कीची पाती तपासायची जागा. एका टोकाला चार पुरुष उंचीची काँक्रीटची भिंत, आणि त्या भिंतीला बुडख्याकडून बोल्टांनी जखडलेलं बासष्ट मीटर लांबीचं पातं. त्याचा शेंडा हॉलच्या दुसऱ्या टोकाला अधांतरी. मोटर लावून ते वरखाली हलवायचं, दिवसरात्र, सहा आठवडे. वीस लाख झोके. तेवढे झोके खाऊनही पातं शाबूत राहिलं तर त्या बनावटीला प्रमाणपत्र मिळतं आणि तशी पाती डोंगरमाथ्यांवर चढतात. या पात्याचे वीस लाख झोके शनिवारीच पुरे झाले होते. सोमवारी बाहेरून तपासनीस येऊन सही करणार, की संपलं.

पातं आतून पोकळ असतं. बुडख्याशी माणूस उभा राहू शकतो, पुढे वाकावं लागतं, त्याही पुढे रांगावं लागतं. आत जायचं तर बूट बाहेर काढायचे, असा नियम.

क्रेनवाला साठीकडे झुकलेला, एका गुडघ्याने अधू. सोमवारी पातं उतरवायचे पट्टे तयार ठेवावेत म्हणून तो सुट्टीच्या दिवशी आला होता. बूट त्याने ओळखले. तारवाल्याचे. तारवाला म्हणजे पात्यावर सेन्सर चिकटवून त्यांच्या तारा ओढणारा तिशीतला माणूस, हॉलमधला सगळ्यांत अबोल.

"काय रे, अनवाणी गेलास का घरी?" क्रेनवाल्याने गंमतीने हाक मारली. उत्तर नाही. त्याने बुडख्याकडे पाहिलं. भिंतीलगत बुडख्याच्या अंगाला आत शिरायचं तोंड होतं, त्यावरचं गोल झाकण बसवलेलं होतं. त्याने पान्याने झाकण ठोकून पाहिलं आणि मग, का कोण जाणे, ते उघडायला घेतलं.

झाकण निघताच रंगाचा उग्र भपकारा आला. आत पायाशीच दिव्याच्या वायरीची पिन पडली होती. त्याने ती ओढून बाहेरच्या सॉकेटमध्ये खोचली. खूप आत, पात्याच्या पोटात, दिवा लागला, आणि त्या उजेडात दोन उघडे तळपाय दिसले.

नंतर पोलिसांनी अपघात लिहून नेला. क्रेनवाला मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ते झाकण बाहेरून चार बोल्टांनी आवळलेलं होतं.

२

सोमवारी सकाळी तपासनीस बाई आल्या. वय पन्नास, खांद्याला जुनी पिशवी, बोलणं कमी. प्रमाणपत्राच्या संस्थेत त्यांना पाठीमागे शंकाबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि फारसं वाईटही वाटत नसे.

हॉलचे प्रमुख दारातच उभे होते. सगळे त्यांना सर म्हणत. शंकाबाईंना पंचवीस वर्षांपूर्वी हे काम त्यांनीच शिकवलं होतं, बोट धरून.

"ये पोरी," सर म्हणाले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "चुकीच्या दिवशी आलीस."

"कसा आहे तो?"

"शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणतात, वाचेल. मूर्खासारखा बंद जागेत रंग लावत बसला. पंखा नाही, काही नाही. वाफेनं गुंगी आली."

"रंग कशाला लावत होता?"

उत्तर दिलं ते शेजारी उभ्या असलेल्या तरुण इंजिनिअरने. तो पातं बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. कंपनी गिऱ्हाईक, म्हणून हॉलमध्ये त्याची बडदास्त मोठी. चहा आला की पहिला कप त्याला. सगळे त्याला जावई म्हणत, आणि त्यालाही आता ते अंगवळणी पडलं होतं.

"मॅडम, त्याचे सेन्सर सुरुवातीपासून उलटसुलट आकडे दाखवत होते. आत काहीतरी खराब करून ठेवलं असेल आणि झाकायला गेला असेल. त्याचं पात्याशी काय देणंघेणं? सही दहा वाजता होईल ना? डोंगरावर अकरा खांब उभे आहेत. नुसते खांब. पात्यांची वाट बघत."

"सही पातं आतून बघितल्यावर."

जावई चपापला. "आतून? फोटो पुरतात ना नेहमी? तुम्ही स्वतः आत जाणार, हे मला आत्ता कळतंय."

"झाकणाचं काय?" बाईंनी सरांना विचारलं.

"क्रेनवाला घाबरला होता, पोरी. बोल्ट होते की नव्हते, त्याला काय आठवणार?" सरांनी क्रेनकडे पाहिलं. "आणि खरं सांगू? त्या दिवशी हॉलमध्ये तोही होताच की."

३

क्रेनवाला क्रेनच्या शिडीखाली बसून होता. अंगात कालचाच शर्ट, पोटावर आणि कोपरांवर पांढऱ्या रंगाचे फराटे.

"मी बंद केलं म्हणतात ना?" त्याने बाई काही विचारायच्या आधीच सुरुवात केली. "मी बंद केलं असतं तर मीच कशाला उघडलं असतं? काहीतरी शेंडा-बुडखा असावा बोलण्याला!"

"मी तसं म्हटलेलं नाही. कुठे होता तो?"

"लांब. एकोणीस-वीस मीटरवर. तोंड शेंड्याकडे. शेंड्याला पाणी निथळायला एक भोक असतं, तिथून वारा येतो थोडा. तिकडेच सरकत गेला असणार बिचारा."

"आणि रंगाचा डबा?"

"तो अलीकडे. चौदा मीटरच्या आसपास. तिथे तळाला ओला रंग होता, मी त्याच्यावरूनच रांगत गेलो. बघा की." त्याने पोट दाखवलं. "येताना त्याला उताणा करून काखेत धरून ओढत आणला."

बाईंनी वहीत एक रेघ ओढली. एका टोकाला लिहिलं "झाकण", मग "डबा", मग "रंग", आणि पार पलीकडे "माणूस". बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या.

"काका, चाचणी मध्ये कधी थांबली होती का?"

"एकदा. तीन दिवस. मोटरचं बेअरिंग गेलं म्हणे."

"म्हणे?"

क्रेनवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, त्या मोटरचं वजन दोन टन. बेअरिंग बदलायचं तर ती उतरवायला लागते. उतरवायची तर क्रेन लागते. क्रेन मी चालवतो. आणि मला तर ते तिन्ही दिवस सुट्टी दिली होती."

४

दवाखान्यात तारवाल्याच्या खाटेशी त्याची मोठी बहीण बसली होती. तीही हॉलमध्येच कामाला होती. पात्यावर काचकापड आणि रेझिनचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेचा, लेप लावायचं काम तिचं, म्हणून नाव लेपवाली. रात्रभर ती हलली नव्हती. नर्सने दिलेलं औषधसुद्धा ती आधी वाचून बघत होती.

"कुणाला आत सोडणार नाही मी," ती म्हणाली. "तुम्हालाही सोडलं नसतं. पण तुम्ही सही करायच्या आधी इथे आलात."

"रंग तुमच्या कपाटातला होता, ताई."

"होता. माझ्या कपाटाला कुलूप नाही. कुणीही घ्यावा. आता म्हणतील, बहिणीनं रंग दिला, भावानं फासला. आम्ही दोघं मिळून काय लपवणार होतो? आणि आत बघायला जातंय कोण? सर फोटो काढतात, तेच तुमच्याकडे येतात. आजवर कुणी आत गेलंय का?"

बाईंनी विचारलं, "तो सुट्टीच्या दिवशी आत कशाला गेला?"

लेपवालीने भावाच्या कपाळावरचे केस मागे केले. "चौदा मीटरवरचा सेन्सर पहिल्या आठवड्यापासून जास्त ताण दाखवत होता. सर म्हणाले, सेन्सर खराब आहे, बदल. यानं बदलला. पुन्हा तेच. तीनदा बदलला. मग एकदा चाचणी थांबली आणि परत सुरू झाल्यावर तो सेन्सर मेलाच. सर म्हणाले, राहू दे आता. हा घरी जेवताना म्हणायचा, ताई, तीन-तीन सेन्सर एकच खोटं कसं बोलतील? पातं खाली उतरवायच्या आधी एकदा डोळ्यानं बघून येतो म्हणाला."

"त्याचे कपडे कुठे आहेत?"

खाटेखालच्या पिशवीत होते. बाईंनी शर्ट आणि पँट खिडकीच्या उजेडात धरली. शर्टाची पाठ पांढऱ्या रंगाने भरलेली. पँटही मागून तशीच. मग त्यांनी कपडे पालटून पुढची बाजू पाहिली. छाती, कोपरं, गुडघे कोरे. रंगाचा एक ठिपका नाही.

"ताई," बाई सावकाश म्हणाल्या, "अरुंद बोळात जमिनीला रंग लावायचा असेल तर माणूस कसा लावतो?"

"आतून दाराकडे. मागे मागे सरत. नाहीतर आपल्याच रंगात आपण अडकू."

"तुमचा भाऊ रंगाच्या पलीकडे सापडला. गुडघ्याला रंग न लागता. म्हणजे तो तिथून गेला तेव्हा रंग नव्हताच. तो पलीकडे असताना दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या आणि दाराच्या मध्ये बसून रंग लावला."

लेपवालीचा हात भावाच्या कपाळावरच थांबला. "म्हणजे त्या माणसाला माहीत नसेल... पलीकडे हा आहे ते?"

"तेच बघायला चालले आहे," बाई म्हणाल्या.

५

बाईंनी बूट काढले आणि पात्यात शिरल्या. आधी वाकून, मग रांगत. आतल्या भिंतीवर दर मीटरला खूण होती. चौदाच्या खुणेशी तळावर पांढऱ्या रंगाचा चादरीएवढा पट्टा. मधोमध माणूस ओढल्याचे फराटे, पण कडेचा रंग जसाच्या तसा, आता वाळलेला. त्या कडेने दिव्याची वायर आत गेली होती आणि रंगात चिकटून बसली होती.

त्यांनी नखाने वायर सोडवून वर उचलली. खाली, जिथे रंग पोचला नव्हता, तिथे सरळ, बारीक, हिरवी रेघ होती.

लेपवालीचं रेझिन वाळल्यावर मधासारखं पिवळं दिसतं. हिरवं रेझिन कंपनीचं. म्हणजे इथे कुणीतरी कंपनीच्या रेझिनने ठिगळ लावलं होतं आणि काल ते पांढऱ्या रंगाने झाकलं होतं. रंगवताना वायर तिथेच पडलेली होती. रंगवणाऱ्याने तिच्यावरून ब्रश फिरवला. ती वायर पुढे अंधारात एका पेटलेल्या दिव्याकडे जात होती. ती त्याला दिसली नाही, असं होऊच शकत नव्हतं.

आणि वायर बाहेर लोंबत असताना झाकण बसत नाही. बाहेर आल्यावर त्याने पिन उपटली, वायर आत ढकलली आणि बोल्ट आवळले.

बाहेर आल्यावर बाईंनी जावयाला गाठलं.

"तुमचं हिरवं रेझिन हॉलमध्ये कुणाकडे होतं?"

जावयाचा रंग उतरला. "दोन सीलबंद डबे सरांकडे दिले होते. वाहतुकीत ओरखडा आला तर भरायला. पण ते म्हणाले, मुदत संपली, टाकून दिले. मॅडम, आमच्या पात्याला तडा गेला होता का? मला कुणी सांगितलं नाही! त्या तीन दिवसांत मी इथे नव्हतो, माझं तिकीट दाखवतो..."

"दाखवा नंतर. आधी झोक्यांची नोंद दाखवा. तासातासाची."

नोंद आली. पात्याचा झोका ठरलेला असतो, ज्याचा त्याचा. हे पातं तासाला दोन हजार एकशे साठ झोके घेत होतं. तिसऱ्या आठवड्यात आकडा घसरत घसरत दोन हजार शंभरावर आला. पातं कुठेतरी आतून सैल पडलं की असंच होतं. मग तीन दिवस थांबलेले. आणि नंतर पुन्हा दोन हजार एकशे अठ्ठावन्न. मोडलेलं हाड तीन दिवसांत आपणहून जुळत नाही.

पण मुळात मोडलं कशामुळे? बाईंनी पिशवीतून टेप काढली. पात्यावर मध्ये वजनांची एक लोखंडी चौकट आवळलेली असते. ती जितकी शेंड्याकडे, तितका ताण जास्त. या पात्याच्या आराखड्यात चौकट तीस मीटरवर हवी होती. क्रेनवाल्याने टेपचं एक टोक धरलं. दोघांनी दोनदा मोजलं.

बत्तीस.

बत्तीस मीटर हा आकडा याआधी तपासलेल्या पात्याच्या आराखड्यात होता. कुणीतरी जुना कागद समोर ठेवून चौकट बसवली होती. पात्याने सोसायला हवा त्याहून बराच जास्त मार सोसला होता.

बाईंनी चाचणीच्या पहिल्या दिवसाचा तक्ता मागवला. "वजनाची चौकट, तीस मीटर. मोजून तपासलं." खाली दोन सह्या. एक सरांची. दुसरी त्यांची स्वतःची.

६

सर त्यांच्या खोलीत, खुर्चीत न बसता खिडकीशी उभे होते. बाईंनी दार लावून घेतलं.

"त्या दिवशी मी टेप लावलीच नाही, सर. तुम्ही म्हणालात, मोजलंय पोरी, ये चहा घे. मी चहा घेतला आणि सही केली."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"शुक्रवारी मी तुम्हाला फोन केला. मी म्हणाले, या वेळी फोटो नकोत, मी स्वतः आत जाईन. ते तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"सांगितलं असेल सगळ्यांना."

"जावयाला आज सकाळी कळलं. चेहरा बघितलात ना तुम्ही त्याचा? लेपवालीला अजून माहीत नाही. ती मलाच विचारत होती, आत बघायला जातंय कोण. फोटो तुम्हीच काढता. फोटोंवर भागणार होतं तर ठिगळ रंगवायची कुणालाच गरज नव्हती. रविवारी ज्यानं रंग लावला, त्याला ठाऊक होतं की सोमवारी कुणाचे तरी डोळे आत येणार आहेत." बाई टेबलापाशी आल्या. "ते ठाऊक असलेला एकच माणूस होता. त्याला मीच सांगितलं होतं. चाचणी थांबवून क्रेनवाल्याला सुट्टी देऊ शकणारा, हिरवे डबे ज्याच्या कपाटात होते, तोही तोच. मी सकाळपासून दुसरं नाव शोधतेय, सर. सापडत नाही."

सर खुर्चीत बसले.

"सहा महिने राहिले होते निवृत्तीला," ते म्हणाले. "तडा दिसला तेव्हाच चौकट मोजली. माझीच चूक. जुना आराखडा टेबलावर राहिला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कळवलं असतं तर अख्खी चाचणी रद्द, नवं पातं, आणि माझ्या नावापुढे तेवढंच राहिलं असतं. ठिगळ मी नीट लावलं होतं, पोरी. चांगलं काम होतं ते."

"आणि तारवाला?"

"बूट नव्हते बघितले मी. मागच्या दाराने आलो, ते पलीकडच्या अंगाला होते. झाकण उघडं होतं, आत दिवा दिसला, वाटलं, शनिवारचं तसंच राहिलं असेल. रंग लावत आलो. शेवटी शेवटी तो पलीकडे हलला, तेव्हा कळलं."

"मग?"

"बाहेर आलो. पिन काढली. म्हटलं, अंधार झाला की रंगाकडे न बघता निघून जाईल. मग वाटलं, त्यानं ठिगळ आधीच बघितलंय." सरांनी हात तोंडावर फिरवला. "त्यानं हाक मारली. 'सर, दिवा गेला.' माझ्या खोकल्यावरून ओळखलं असेल. 'सर, दिवा गेला' म्हणाला, आणि मी झाकण लावलं."

हॉलमध्ये कुणाच्यातरी हातून पाना पडला. त्याचा आवाज खोलीत येऊन विरला.

"मी उघडणारच होतो," सर म्हणाले.

"कधी?"

बाईंनी टेबलावरचा फोन उचलून त्यांच्यापुढे ठेवला. पोलिसांना सरांनी स्वतःच फोन केला.

७

तारवाला मंगळवारी दुपारी शुद्धीवर आला. पहिल्यांदा पाणी मागितलं. चौदा मीटरवरचं ठिगळ बघून, आणखी कुठे आहे का ते शोधत तो पुढे शेंड्याकडे गेला होता. बाकी पोलिसांना त्याने जे सांगितलं त्यात आणि सरांच्या बोलण्यात काहीही फरक नव्हता.

प्रमाणपत्र अर्थातच मिळालं नाही. शंकाबाईंनी अहवाल लिहिला, त्याची सुरुवात अशी होती : "चौकटीचं अंतर मी मोजलं नव्हतं. न मोजता सही केली." वरिष्ठांनी समजावलं, हे वाक्य मागे, पुरवणीत टाकलं तरी चालेल. त्यांनी ते जागचं हलवलं नाही. एक वर्षासाठी त्यांचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला.

अडीच महिन्यांनी हॉलमध्ये त्याच बनावटीचं नवं पातं आलं. चौकट तीस मीटरवर बसली. लेपवाली आणि तारवाला दोघेही कामावर होते. तारवाला आता फक्त बाहेरचे सेन्सर बघायचा आणि त्याला कुणी आत जायला सांगत नसे. बेचाळिसाव्या दिवशी वीस लाखावा झोका झाला, तेव्हा बाई नुसत्या बघायला म्हणून आल्या होत्या. मोटर बंद झाल्यावरही पातं थोडा वेळ आपल्याच नादात हलत राहिलं, मग थांबलं. नव्या तपासनिसाने आतून बाहेरून, इंच न् इंच पाहिलं. केसाएवढाही तडा नव्हता.

"म्हणजे पातं मुळात चांगलंच होतं," लेपवाली म्हणाली. "त्यांनी तेव्हा खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं हो? चार महिने उशीर?"

"चार महिने."

"बस?"

"बस."

लेपवाली हसली नाही, चिडलीही नाही. भावाला हाक मारून ती त्याच्याबरोबर घरी गेली.

बाई बाहेर पडल्या तेव्हा फाटकापाशी सरांच्या बायको उभ्या होत्या. पूर्वी शिकायला असताना बाई त्यांच्या हातचं कितीदा जेवल्या होत्या. काकू वाळल्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे.

"आज संपणार होतं ना गं?" त्यांनी विचारलं. "काय झालं? तुटलं?"

बाईंना आधी कळेना, काकूंच्या आवाजात भीती आहे की आशा. मग कळलं. पातं तुटलं असतं, तर पहिला तडाही पात्याच्याच दोषाने गेला असं काकूंना स्वतःशी तरी म्हणता आलं असतं.

खोटं बोलणं सोपं होतं. ऐकायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"नाही काकू," बाई म्हणाल्या. "टिकलं."

काकूंनी मान हलवली. पदराने तोंड पुसलं आणि बसच्या थांब्याकडे चालू लागल्या. बाईंनी पिशवी खांद्यावर नीट केली आणि त्यांना गाठायला भराभर पावलं टाकली.